लेक जंगलाबाहेर आली

इंग्रजी येते का, असे कोणी विचारले की २०१८ पर्यंत आम्ही न अडखळता 'हो' म्हणत होतो. आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको. एकाने नाशिकरोडच्या मराठी शाळेत ३२ वर्षे भूगोल शिकवला. दुसरीने दहावीनंतर संसार केला आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांचे बँकेचे, पासपोर्टचे फॉर्म भरून दिले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून ते २००० साली आले, तोवर आमची मुले पुढच्या वर्गांत गेली होती. पण जे शिकलो ते घासून शिकलो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला दोघांच्याही घरी होती. लग्नानंतर एका फळीवर तिच्या दोन प्रती झाल्या. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख आम्ही वाचू शकत होतो. वकिलाची नोटीस वाचून तिचा अर्थ शेजाऱ्याला सांगू शकत होतो. मग आणखी काय यायचे बाकी राहिले?

त्या वर्षी सप्टेंबरात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही इंग्लंडला, लेस्टरला गेलो. सहा महिन्यांचा व्हिसा होता. बॅगेत मेथीचे लाडू, डिंक, बाळंतशोपा, आणि डोक्यात ते 'येते' घेऊन गेलो.

दुसऱ्याच दिवशी बसमध्ये चढलो. ड्रायव्हरने तिकीट हातात दिले आणि हसून म्हणाला, 'देअर यू गो, मी डक.' डक म्हणजे बदक, एवढे आम्हाला नक्की येत होते. आमच्यापैकी एकीचा गुडघा दुखतो, त्यामुळे चाल जरा डुलती आहे. तिला वाटले, हा आपल्या चालण्याला हसतोय. सीटवर बसेपर्यंत डोळ्यांत पाणी. दुसऱ्याला वाटले, ड्रायव्हरला जाब विचारावा. पण परका मुलुख, पहिलाच दिवस, मुकाट बसलो. घरी आल्यावर लेक पोट धरून हसली. म्हणाली, 'अम्मी, इथे सगळ्यांना डक म्हणतात. आपल्याकडे भाजीवाला मावशी म्हणतो ना, तसं. आणि ते मी म्हणजे आपलं मी नाही, माझं. माझ्या बदका!'

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. दुकानातली मुलगी 'यू ऑल राइट?' म्हणायची आणि आम्ही तिला गुडघ्याचे सगळे सांगायचो, मागे रांग. पार्सल देणारा मुलगा 'सी यू लेटर' म्हणाला, म्हणून त्याच्यासाठी चहा वाढवून ठेवला. तो काही आला नाही. रात्री लेक-जावयाला हे सांगायचो आणि सगळे हसायचो. आमच्या लेखी ही गंमत होती.

ऑक्टोबरात लेकीला दवाखान्यात नेले. जावई बरोबर गेले. आम्ही घरी, सात वर्षांचा नातू शाळेत. दुपारी साडेबाराला घरचा फोन वाजला. त्या फोनवर एरवी कोणी करत नसे. जावयाच्या मोबाइलची बॅटरी संपली होती आणि ते बाळाबरोबर दुसऱ्या वॉर्डात होते, म्हणून त्यांनी सुईणबाईंना घरी कळवायला सांगितले होते. हे आम्हाला नंतर कळले. तेव्हा फक्त एका अनोळखी बाईचा आवाज होता. भरभर बोलणारा, पण मऊ. आम्ही स्पीकर सुरू केला आणि दोघेही फोनवर वाकलो.

त्या बाईंनी लेकीचे नाव घेतले. मग चार-पाच वाक्ये बोलल्या. त्यातले आमच्या कानाला लागले ते एवढेच: 'लॉस्ट'. 'ब्लड'. 'टच' आणि 'गो'. 'वूड्स'. 'राऊंड'.

आम्ही म्हणालो, 'सॉरी? प्लीज रिपीट.' त्यांनी तेच पुन्हा सांगितले, तसेच. वर 'ओके?' असे विचारले. आणि आम्ही, काय सांगावे, 'ओके, थँक यू' म्हणालो. सवयीने. फोन ठेवला गेला.

लॉस्ट. या शब्दाचा अर्थ पाचवीपासून पाठ आहे: लूज, लॉस्ट, लॉस्ट. गमावणे. कोणाला गमावले? लेकीला, की बाळाला? आवाज इतका मऊ का होता? वाईट बातमी सांगतानाच माणसाचा आवाज असा होतो. जावयाला फोन लावला, बंद. आमच्यापैकी एक जमिनीवर बसली ती उठेना. दुसऱ्याला वाटले, निदान दोन रकात पढाव्यात, पण वुजू करायला नळाशी गेला आणि नळ सोडून तसाच उभा राहिला. तोंडात फक्त 'या अल्लाह, या अल्लाह' एवढेच. मग त्याच माणसाने, मास्तरकीच्या सवयीने असेल, वीजबिलाच्या पाकिटावर ऐकलेले शब्द देवनागरीत उतरवले, म्हणजे विसरणार नाहीत. आणि आम्ही दोघे अनवाणी शेजारच्या दारात गेलो.

शेजारी एक म्हातारी बाई एकटी राहायची. वय ७८. तोवर आमची ओळख खिडकीतून मान हलवण्यापुरतीच होती. तिने दार उघडले. आम्ही पाकीट तिच्यापुढे धरले. ती बिचारी देवनागरी काय वाचणार! मग आम्ही वाचून दाखवले, एकेक शब्द. लॉस्ट. ब्लड. टच, गो. वूड्स. राऊंड. तिने आम्हाला पुन्हा वाचायला लावले. 'आऊट ऑफ द वूड्स? आऊट म्हणाली का ती?' असे तिने तीनदा विचारले. आम्हाला 'आऊट' आठवत होते, 'ऑफ'ही आठवत होते, पण ते पाकिटावर लिहिले नव्हते. इतके किरकोळ शब्द कोण लिहितो?

त्यावर त्या बाईने आमचे हात धरले आणि अगदी सावकाश, मुलाला सांगावे तसे सांगितले. तुमच्या लेकीचे रक्त बरेच गेले. थोडा वेळ जीव टांगणीला होता. पण ती त्यातून निभावली. आता धोका टळला आहे. ती नुकतीच शुद्धीवर आली आहे.

'टच अँड गो' म्हणजे जाते की राहते अशी अवस्था. 'आऊट ऑफ द वूड्स' म्हणजे जंगलातून बाहेर आलेला, संकटातून सुटलेला. 'कम राऊंड' म्हणजे शुद्धीवर येणे. आणि 'लॉस्ट' फक्त रक्ताबद्दल होते. बाळाविषयी ती सुईणबाई पहिल्याच वाक्यात बोलली होती. मुलगी, आणि ठीक आहे. 'डूइंग फाइन'. ते आमच्या कानांनी घेतलेच नव्हते.

त्या म्हाताऱ्या बाईच्या दारातच आम्ही शुक्राचा सजदा केला. ती बाजूला उभी राहून आपले नाक पुसत होती.

नंतर कितीतरी रात्री आम्ही यावर बोललो. सुईणबाईंनी जर म्हटले असते की 'हर कंडिशन वॉज क्रिटिकल ड्यू टू हेमरेज, बट शी हॅज रिकव्हर्ड अँड रिगेन्ड कॉन्शसनेस', तर आम्हाला अक्षर न् अक्षर कळले असते. हे सगळे अवघड शब्द आम्हाला येतात. ते वर्तमानपत्रात असतात, परीक्षेत असतात, स्पेलिंगला मार्क असतात. त्या बाई बिचाऱ्या आमच्यासाठी सोपे बोलत होत्या. टच, गो, कम, आऊट हे शब्द त्यांच्या घरातले दोन वर्षांचे मूल बोलते. आम्ही मात्र नेमके त्या सोप्यातच बुडालो.

दुसऱ्या आठवड्यापासून ती शेजारीण आमची मास्तरीण झाली. आम्ही दोनशे पानी वही आणली. नियम एकच: नुसता शब्द लिहायचा नाही; कोण म्हणाले, कुठे म्हणाले आणि चेहरा कसा होता, तेही लिहायचे. कारण यादी करून पाहिली आणि ती फसली. 'पुट' एकटा घेतला तर ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आऊट' म्हणजे विझवणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. 'पुट'ही येतो, 'अप'ही येतो, 'विथ'ही येतो. तिन्ही एकत्र आले की सासुरवास होतो! यांना इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. क्रियापद घरचे, शेपूट छोटे, आणि अर्थ तिसऱ्याच गावचा.

'ऑफ'ने तर आम्हाला रडवले. लाइट ऑफ म्हणजे बंद. मॅच ऑफ म्हणजे रद्द. दूध ऑफ म्हणजे नासले. आय अ‍ॅम ऑफ म्हणजे मी निघालो. इथपर्यंत सगळे संपण्याच्याच जातीचे आहे, असे म्हणून आम्ही मनाची समजूत घातली. तर वाचनालयाच्या भिंतीवर पाटी: अलार्म 'गोज ऑफ' झाल्यास ताबडतोब इमारतीबाहेर पडा. भूगोलाच्या सरांनी तिथल्या वर्गात हात वर करून विचारले की अलार्म बंद पडला तर बाहेर कशाला पडायचे? तिथे दर गुरुवारी परदेशातून आलेल्यांसाठी मोफत बोलण्याचा वर्ग असे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अलार्म गोज ऑफ म्हणजे तो वाजायला लागतो. आमच्या शेजारी बसलेल्या सोमाली आजीबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणजे त्यांनाही तो आजवर बंदच वाटत होता. आग लागली असती तर आम्ही तिघे आरामात बसून राहिलो असतो.

चुका किती सांगाव्यात! शेजारणीने एकदा 'टी'ला बोलावले. आम्ही जेवूनच गेलो. चहाला काय, म्हटले. तिकडे 'टी' म्हणजे कित्येक घरांत संध्याकाळचे जेवण. तिने आमच्यासाठी मुद्दाम मांस टाळून भाजलेले बटाटे, चीज, बीन्स असा बेत केला होता. संकोचाने खाल्ले. तिने आणखी वाढायला घेतले तेव्हा आमच्यातली एक पोटावर हात ठेवून गोड हसून म्हणाली, 'नो, नो, आय अ‍ॅम फेड अप!' फीड म्हणजे भरवणे, फेड म्हणजे भरवले, अप म्हणजे वरपर्यंत. वरपर्यंत भरले, पोट भरले. यात कोणाला चूक दिसते का? पण त्याचा अर्थ होतो, मी कंटाळले, वैतागले. म्हातारीच्या हातातला डाव तसाच राहिला.

दुसऱ्याने त्याच जेवणात भर घातली. शाळेच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, 'एव्हरी इयर ऑल माय स्टुडंट्स पास्ड आऊट.' आपल्याकडे पासआऊट म्हणजे परीक्षा पास होऊन बाहेर पडलेला. लग्नाच्या बायोडेटातसुद्धा आपण तसे लिहितो. तिकडे पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणे. दरवर्षी अख्खा वर्गच बेशुद्ध पडतो, हे ऐकून तिने काळजीने विचारले, 'उन्हामुळे का?'

ही झाली हसण्याची. एक चूक मात्र अजून बोचते. तिच्या घरात कुत्र्याचा पट्टा टांगलेला होता, कुत्रा दिसत नव्हता. विचारले तेव्हा ती म्हणाली, 'आय हॅड टू हॅव हिम पुट डाऊन.' आम्ही वहीतले 'पुट' आठवले. डाऊन म्हणजे खाली. खाली ठेवला. आम्ही म्हणालो, 'व्हेरी गुड.' ती काही बोलली नाही, किटली लावायला आत गेली. रात्री लेकीने अर्थ सांगितला. जनावर फार म्हातारे, आजारी झाले की डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला कायमचे झोपवतात, ते पुट डाऊन. चौदा वर्षांची तिची सोबत होती. आम्ही सकाळी उठून तिच्या दारात गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, तुम्हाला कळलं नाही हे मला कळलं होतं. पण तरी.

त्या दिवशी लेकीने आमच्यासाठी कायदा केला: 'अब्बा, कानाने सगळं शिका, तोंडाने थोडं.' रस्त्यावरची भाषा समजली पाहिजे, म्हणजे कोणी फसवणार नाही, कोणी दुखावणार नाही. पण ती साठीच्या माणसाने बोललीच पाहिजे असे नाही. नातवाच्या शाळेतली मुले तर, त्यात गोरी मुलेही आली, दर वाक्याला 'वल्लाही' म्हणतात. नानांनी त्यावरून नातवाला रागे भरले, की कसम ही अशी उधळायची वस्तू नाही. तो म्हणाला, नाना, ते फक्त स्लँग आहे. आता यावर काय बोलायचे?

पण त्याच नातवाने आमचे डोळे उघडले. त्याचे मराठी बेतास बात. आम्ही आलो म्हणून तो जोमाने शिकू लागला. एकदा गाडीने बाहेरगावी निघालो, नानी म्हणाली, 'मला पुढं बसू द्या, मला गाडी लागते.' नातू मागून म्हणाला, 'नानीला गाडी कशाला लागते? गाडीत तर बसलीय!' आम्ही हसलो आणि समजावू लागलो, आणि समजावता समजावता आमचेच हसू थांबले. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते. डोळा लागतो म्हणजे झोप येते. बोलणे मनाला लागते. लोणचे गोड लागते. नानांना चष्मा लागतो. हा तुझा मामा लागतो. आणि गाडी लागते म्हणजे गाडीत उलटी होते! त्याने आमच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिले: लागणे म्हणजे सगळं.

बाळाचा अकीका लेकीच्या तब्येतीमुळे एकविसाव्या दिवशी केला. ओळखीच्यांना जेवण होते. नानी स्वयंपाकघरात काळजीने म्हणाली, 'मटण जरा वाढवा, कमी पडलं तर लोक नावं ठेवतील.' नातू घाबरून बापाकडे धावला: 'अब्बा, लोक का नाव ठेवणार? नाव तर आपण ठेवलंय ना?'

साठ वर्षे आम्ही ही भाषा बोलतो. एका अक्षराचाही विचार कधी केला नव्हता. मग इंग्रजांनी 'पुट'चा आणि 'गेट'चा का करावा? ती सुईणबाई काही शिष्टपणाने बोलत नव्हती. ती आपल्या घरचे बोलत होती.

आमच्यातल्या मास्तरांनी मग वाचनालयात बसून थोडा इतिहास चाळला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच आली. गरिबाच्या घरात, शेतात जुनी इंग्रजी राहिली. म्हणून आजही इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन शब्द सापडतात, एक कचेरीतला लांबलचक, एक चुलीजवळचा तोकडा. पोस्टपोन आणि पुट ऑफ. टॉलरेट आणि पुट अप विथ. आपल्याला शाळेने कचेरीतला शिकवला. आपल्याकडे काय वेगळे झाले? फिर्याद, वकील, दस्तऐवज, तारीख हे शब्द फारसी-अरबीतून दरबाराच्या वाटेने मराठीत आले. उद्या एखादा परदेशी माणूस नुसती कोर्टाची कागदपत्रे वाचून मराठी शिकला आणि आमच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला, तर 'फोडणी बसली नाही' म्हटल्यावर तो फोडणीला खुर्ची आणून देईल. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला मोठा इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी सांगून ठेवले आहे की क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणारे हे प्रकार परक्यांना सर्वांत जड जातात. हे वाचून आम्हाला फार बरे वाटले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आमची बाजू घेतली होती.

आणि एक दिवस असा आला की आम्हीच शेजारणीला शिकवले. ती चष्मा शोधत होती. चष्मा तिच्या डोक्यावर. सापडल्यावर म्हणाली, 'आय अ‍ॅम गोइंग डूलॅली.' मास्तर ताडकन म्हणाले, 'देवळालीला जाताय? कधी? स्टेशनवर आमचा भाचा येईल.' ती बघतच राहिली. डूलॅली म्हणजे वेडसर, डोके ठिकाणावर नसलेला. लहानपणापासून ती तो शब्द वापरत होती, तो कुठून आला हे तिने कधी विचारले नव्हते. आम्ही म्हणालो, आमच्या नाशिकरोडच्या अलीकडचे, मुंबईच्या बाजूचे स्टेशन देवळाली. जावयांनी मोबाइलवर शब्दकोश उघडला, आणि खरेच निघाले! नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत ठेवत. जहाजे थंडीच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत भलत्या महिन्यात संपली तो उन्हात, रिकामा, महिनोन् महिने पडून राही आणि चक्रमासारखा वागू लागे. त्याला म्हणत 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. आमच्या गावचा ताप इंग्रजांच्या बोलीत जाऊन बसला होता आणि आम्हालाच ठाऊक नव्हते. पुढे मग कळले की सुखाच्या नोकरीला ते 'कुशी' म्हणतात ते आपल्या खुशीतून, आणि सैनिक आपल्या मायदेशाला 'ब्लायटी' म्हणत ते विलायतीतून. म्हातारीने दोन्ही शब्द आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपून ठेवले.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाची गोष्ट आम्हाला तिकडे वारंवार आठवली. तो आखातात एका कंपनीत होता. बहिणीच्या शादीसाठी त्याने सुट्टीचा अर्ज दिला होता. मॅनेजरने बोलावले आणि म्हणाला, 'आय अ‍ॅम अफ्रेड वुई हॅव टू लेट यू गो.' मुलगा 'थँक यू सर' म्हणून खुशीत बाहेर आला. लेट यू गो, जाऊ देतोय. त्याने त्याच संध्याकाळी बहिणीसाठी घड्याळ घेतले, अम्मीसाठी कापड घेतले, मित्रांना खाऊ घातले. चार दिवसांनी फायनल सेटलमेंटचा कागद सहीसाठी पुढे आला तेव्हा त्याला कळले की नोकरी गेली. ते चार दिवस त्याने शब्द टाकला असता, वरच्या साहेबाला भेटला असता, दुसरीकडे विचारले असते. गल्लीत लोक त्याला हसले. तेव्हा आम्हीही थोडे हसलो होतो, हे इथे कबूल करतो. तो मुलगा बी.कॉम. आहे.

वाचक बहिणी-भावांनो, आपल्या कितीतरी घरांतली मुले आज बाहेर आहेत आणि त्यांच्या बाळंतपणाला, आजारपणाला अम्मी-अब्बा जातात. जाणाऱ्यांनी आमची वही मागितली तर आनंदाने देऊ. पण खरे सांगायचे तर वहीपेक्षा कान कामाला आला. बी.बी.सी. १९४३ पासून इंग्रजी शिकवते आहे. तिचे रोजच्या बोलीवरचे छोटे छोटे कार्यक्रम फुकट ऐकता येतात. आम्ही इशानंतर एक ऐकत होतो आणि दुसऱ्या दिवशी तो प्रयोग शेजारणीच्या डोळ्यांसमोर करून पाहत होतो. आणि दवाखान्यातला फोन आला तर 'ओके, थँक यू' म्हणायचे नाही. 'इज शी सेफ? यस ऑर नो?' एवढे विचारायचे. हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे.

मार्चमध्ये निघालो. टॅक्सी दारात उभी. लेकीच्या कडेवर पाच महिन्यांची नात, गुटगुटीत. आम्ही लेकीला जवळ घेतले, दुआ दिल्या आणि सवयीने म्हणालो, 'बरं, येतो आम्ही.' शेजारीणही बाहेर आली होती. तिने नातवाला विचारले, काय म्हणतात ते? त्याने गंभीरपणे सांगितले, 'ते जातायत. पण मराठीत जाताना जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं.'

ती थोडा वेळ विचारात पडली. मग तिने दोनदा घोकून पाहिले, 'येटो, येटो.' आणि हात हलवून तिच्या भाषेत निरोप दिला, 'टा-रा, मी डक.'

'टा-रा, डक,' नानी म्हणाली आणि टॅक्सीकडे चालू लागली. गुडघा त्या दिवशी बराच दुखत होता.